एक बैठक की पाच? मेंदूतील गाठींच्या किरणोपचाराविषयी थोडा विचार



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्या पडवीत येऊन बसला. हातात प्लास्टिकची मोठी पिशवी आणि तिच्यात एम.आर.आय.च्या फिल्मा व दवाखान्याचे कागद होते. त्याच्या आईला फुप्फुसाचा कर्करोग आहे. वर्षभरापासून दर तीन आठवड्यांनी तिला इम्युनोथेरपीचे सलाईन चालू आहे आणि छातीतील गाठ बरीच आकसलीही आहे. परंतु आता मेंदूत दोन गाठी दिसल्या. एका दवाखान्यात सांगितले, "दोन्हींवर एकाच बैठकीत किरण देऊ." दुसरीकडे सांगितले, "मोठीला तीन ते पाच बैठका लागतील." आणि गावातील एका जाणत्या माणसाने सांगितले की, सगळ्या डोक्याला दहा दिवस शेक दिल्याशिवाय रोग मुळासकट जात नाही.

मुलगा म्हणाला, "फादर, कुणाचं ऐकायचं? एवढ्या मोठ्या रोगाला एकच बैठक म्हणजे आम्ही गरीब म्हणून उरकून टाकतायत की काय?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. हल्ली कर्करोगाची औषधे सुधारली, रोगी अधिक काळ जगू लागले, आणि त्यामुळेच मेंदूत रोग पोचल्याची उदाहरणे आपल्या खेड्यापाड्यांतही वारंवार कानी येतात. आम्ही डॉक्टर नव्हे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले, वैद्यक नाही. तथापि कागदांची पिशवी घेऊन माणसे आधी आमच्याच पडवीत येतात. तेव्हा निदान योग्य प्रश्न कोणते एवढे तरी आम्हांला ठाऊक असले पाहिजे. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना विचारून, प्रसिद्ध झालेले अभ्यास वाचून जे समजले ते येथे मांडतो. त्यावरचे मतही मांडतो. ते मत आमचे आहे. निर्णय रोग्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा.

आमच्या हातून झालेली चूक

आधी एक कबुली. सात वर्षांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातील एक शेतकरी काका याच दुखण्याने आजारी पडले. मेंदूत तीन लहान गाठी होत्या. त्यांच्यापुढेही दोन वाटा होत्या : नेमक्या गाठींवर किरण किंवा पूर्ण डोक्याला दहा दिवस शेक. त्यांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही काहीही चौकशी न करता म्हणालो, "काका, जास्त ते बरे. दहा दिवसांची वाट धरा." आमच्या शब्दाला मान देऊन त्यांनी तसेच केले.

काका पुढे आठ महिने जगले. पण चौथ्या महिन्यापासून त्यांची आठवण जाऊ लागली. ज्या विहिरीवर चाळीस वर्षे मोट आणि मग पंप चालवला, तिच्या वाटेवर ते थांबून राहत. नातीचे नाव आठवेना. रोजारीची प्रार्थना अर्ध्यावर तुटे आणि ते आमच्याकडे लहान मुलासारखे पाहत. हे सारे किरणांमुळेच झाले असे आम्ही म्हणणार नाही. रोगानेही स्मृती जाते. परंतु नंतर जे वाचले त्यावरून आम्हांला कळले की, "जास्त ते बरे" हा आमचा सल्ला अडाणीपणाचा होता. तो पुन्हा कुणाला देऊ नये, म्हणून हा लेख.

रोग मेंदूत कसा जातो आणि शेक कसा देतात

काँग्रेस गवताचे बी वाऱ्याने, पाण्याने, जनावरांच्या खुरांनी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते. तसेच कर्करोगाच्या काही पेशी रक्तावाटे मेंदूत जाऊन रुजतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड यांचे कर्करोग आणि मेलानोमा नावाचा कातडीचा कर्करोग हे मेंदूत जाण्यात पुढे आहेत. सकाळी उठताच डोके दुखणे, ओकाऱ्या, एका बाजूच्या हातापायांतली ताकद जाणे, बोलताना शब्द न सापडणे, झटके येणे ही त्याची लक्षणे. कधी काहीच लक्षण नसते, केवळ एम.आर.आय.त दिसते.

शेतात तण उगवले तर दोन उपाय असतात. सगळ्या शेतावर तणनाशक फवारावे, किंवा खुरपे घेऊन जेथे तण आहे तेवढेच काढावे. किरणोपचाराचेही तसेच आहे. पूर्ण मेंदूला किरण देण्याची जुनी पद्धत म्हणजे साधारणपणे १० बैठकांत ३० ग्रे किंवा ५ बैठकांत २० ग्रे. ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप. दूध लिटरने मोजतात तसे किरण ग्रेने. यात दिसणाऱ्या व न दिसणाऱ्या सर्वच गाठींना किरण मिळतात, पण निरोगी मेंदूलाही तेवढेच मिळतात.

दुसरी पद्धत खुरप्याची. स्टॉकहोमचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली या कल्पनेला रेडिओसर्जरी असे नाव दिले. नाव शस्त्रक्रियेचे असले तरी यात सुरी नसते. अनेक बाजूंनी बारीक किरण सोडून ते सर्व एका गाठीवर एकत्र आणायचे. वाटेतील मेंदूला थोडे थोडे आणि गाठीला भरपूर किरण मिळतात. गॅमा नाइफ, सायबरनाइफ किंवा चांगल्या प्रतीचे लिनियर अॅक्सिलरेटर यंत्र यासाठी वापरतात. डोके हलू नये म्हणून चौकट किंवा मुखवटा बसवितात. दुखत नाही आणि सगळे केसही जात नाहीत.

आता काकांच्या गोष्टीकडे वळू. अमेरिकेत ह्यूस्टन येथे १ ते ३ गाठी असलेल्या ५८ रोग्यांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना फक्त नेमके किरण आणि निम्म्यांना त्याबरोबर पूर्ण मेंदूलाही किरण दिले. चार महिन्यांनी शिकण्याची व आठवण ठेवण्याची शक्ती घटण्याची शक्यता पहिल्या गटात २४ टक्के तर दुसऱ्यात ५२ टक्के निघाली. फरक इतका दिसला की अभ्यास लवकर थांबविण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २१३ रोग्यांच्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसले. तीन महिन्यांनी बुद्धीचे काम घटलेले रोगी नेमक्या किरणांच्या गटात ६३.५ टक्के, तर पूर्ण मेंदूचीही जोड दिलेल्या गटात ९१.७ टक्के होते. पूर्ण मेंदूच्या शेकाने नव्या गाठी कमी उठल्या हे खरे. पण त्यामुळे माणसे अधिक काळ जगली नाहीत.

त्याच वर्षी ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास आला. फुप्फुसाच्या कर्करोगाचे ५३८ रोगी होते. त्यांच्या गाठींवर शस्त्रक्रिया किंवा नेमके किरण शक्य नव्हते. अर्ध्यांना ५ बैठकांत २० ग्रे पूर्ण मेंदूला दिले, अर्ध्यांना फक्त सूज उतरविण्याचे औषध आणि चांगली शुश्रूषा दिली. जगण्याचा मध्यम काळ शेक घेतलेल्यांचा ९.२ आठवडे, न घेतलेल्यांचा ८.५ आठवडे निघाला. फार अशक्त रोग्याला घरच्या अंथरुणावरून उठवून गाडीत घालून शेकासाठी नेण्यापूर्वी घरच्यांनी हे आकडे आठवावेत.

पूर्ण मेंदूचा शेक कधीच नको, असे मात्र नाही. गाठी फारच पुष्कळ असतील, मेंदूच्या आवरणात रोग पसरला असेल, तर त्याचा उपयोग होतो. आता स्मृतीचा भाग वाचवून शेक देण्याची रीतही आली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, तो सवयीने घेऊ नये, कारण विचारून घ्यावा. गाठी चारपेक्षा जास्त झाल्या म्हणजे तोच एक मार्ग, ही समजूतही जुनी झाली. जपानमधील ११९४ रोग्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात नेमक्या किरणांनंतर ५ ते १० गाठींचे रोगी २ ते ४ गाठींच्या रोग्यांइतकेच जगले.

इम्युनोथेरपीने काय बदलले

आपल्या शरीरात शत्रूला ओळखून मारणाऱ्या पेशी असतात. त्यांनी घरच्यांवरच तुटून पडू नये म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेक दिले आहेत. कर्करोग हे ब्रेक दाबून धरतो. इम्युनोथेरपीची औषधे ते सोडवितात. या शोधासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब हे औषध अमेरिकेत २०११ साली मंजूर झाले. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब २०१४ साली.

पूर्वी समजूत होती की मेंदूत औषध पोचत नाही. तीही अंशतः बदलली. मेंदूत गाठी असलेल्या पण लक्षणे नसलेल्या मेलानोमाच्या ९४ रोग्यांना निवोलुमॅब व इपिलिमुमॅब एकत्र दिले, तेव्हा ५७ टक्क्यांना मेंदूतील रोगावर उपयोग झाला, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. मात्र निम्म्याहून अधिकांना त्रासही मोठा झाला. ब्रेक सोडलेली गाडी उताराला जपून चालवावी लागते. आतडे, यकृत, फुप्फुस, थायरॉइड यांना सूज येऊ शकते. म्हणून या औषधावर असताना जुलाब, दम किंवा अंगावर पुरळ असे काही झाले तर गावठी उपाय करीत न बसता लगेच कळवावे.

खरा प्रश्न

आता पहा. नेमक्या किरणांनी गाठ मरते, पण गाठीभोवतीचा थोडा निरोगी मेंदूही कधी कधी काही महिन्यांनी मरतो आणि सुजतो. याला डॉक्टर रेडिओनेक्रोसिस म्हणतात. त्याने डोकेदुखी, झटके, अर्धांग येऊ शकते, आणि एम.आर.आय.त तो पुष्कळदा वाढलेल्या गाठीसारखाच दिसतो. किरणांनी भाजलेल्या जागी ब्रेक सोडलेल्या पेशी गर्दी करून आल्या, तर ही सूज वाढेल काय?

बॉस्टन येथील ४८० रोग्यांच्या नोंदी पाहून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इम्युनोथेरपी मिळालेल्यांपैकी २० टक्क्यांना लक्षणे देणारा रेडिओनेक्रोसिस झाला; न मिळालेल्यांपैकी ६.८ टक्क्यांना. मेलानोमाच्या रोग्यांत हा धोका विशेष दिसला. हे वाचून पुष्कळ डॉक्टर सावध झाले. पण २०२३ साली अनेक दवाखान्यांच्या नोंदी एकत्र करून ६५७ रोग्यांचा अभ्यास आला. त्यात असे दिसले की, इम्युनोथेरपी आणि एका बैठकीची रेडिओसर्जरी अगदी जवळजवळ दिली म्हणून हा धोका वाढत नाही. म्हणजे सलाईन आणि किरण यांत मुद्दाम महिनोन्‌महिने अंतर ठेवावे असे त्यावरून दिसत नाही. अधिक महत्त्व आहे ते गाठीच्या आकाराला आणि तिच्याभोवतीच्या किती मेंदूला मोठी मात्रा मिळते याला.

येथे हप्त्यांचा विचार येतो. आपण उसाला युरिया एकदम टाकीत नाही. सगळी पोती एकाच दिवशी टाकली तर काही वाया जाते आणि काही मुळे जाळते. म्हणून हप्ते पाडतो. पावसाचेही तसेच. चार इंच पाऊस एका रात्रीत पडला तर बांध फुटतो, तोच आठवडाभर पडला तर जमिनीत मुरतो. किरणांची मोठी मात्रा एकदम देण्याऐवजी तीन किंवा पाच बैठकांत दिली, तर मधल्या वेळेत निरोगी पेशी आपली डागडुजी करतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही.

एका बैठकीची मात्रा आकाराप्रमाणे ठरते. अमेरिकेतील २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे प्रमाण घालून दिले : गाठ २ सेंटिमीटरपर्यंत असेल तर २४ ग्रे, २ ते ३ असेल तर १८ आणि ३ ते ४ असेल तर १५. म्हणजे गाठ जितकी मोठी तितकी मात्रा कमी करावी लागते, नाहीतर शेजारच्या मेंदूला ती सोसत नाही. अडचण अशी की, मोठ्या गाठीलाच अधिक मात्रेची गरज असते. हप्ते पाडले की ही अडचण सुटते. ३ बैठकांत २७ ग्रे किंवा ५ बैठकांत ३० ग्रे देता येतात. इटलीतील २८९ रोग्यांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २ सेंटिमीटरहून मोठ्या गाठी होत्या. एका बैठकीने वर्षभर ७७ टक्के गाठी काबूत राहिल्या, तीन बैठकांनी ९१ टक्के. रेडिओनेक्रोसिस पहिल्या गटात २० टक्के, दुसऱ्या गटात ८ टक्के.

हा अभ्यास चिठ्ठ्या टाकून केलेला नव्हता. डॉक्टरांनी आपल्या विचाराने ज्याला जे योग्य ते दिले आणि मागाहून तुलना केली. एकाच बियाण्याचे दोन वाफे शेजारी शेजारी लावून पाहणे आणि दोन गावांची पिके पाहून अंदाज करणे यांत फरक आहे. आधी सांगितलेले बॉस्टनचे आणि २०२३ सालचे अभ्यासही याच प्रकारचे. म्हणून जो कोणी छातीठोकपणे सांगेल की इम्युनोथेरपीच्या प्रत्येक रोग्याला एकच बैठक, किंवा प्रत्येकाला पाचच, त्याच्यावर आमचा विश्वास बसत नाही.

आमचे मत

पहिली गोष्ट. गाठ लहान असेल, नाजूक जागी नसेल, तर एक बैठक म्हणजे उरकून टाकणे नव्हे. तो पूर्ण उपचार आहे. गावाहून शहरात पाच फेऱ्या, पाच दिवसांचे भाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, सुगीच्या दिवसांत ओस पडलेले शेत, हे सारे वाचते. यात कमीपणा मानू नये.

दुसरी गोष्ट. गाठ २ सेंटिमीटरहून मोठी असेल, किंवा बोलण्याच्या, चालण्याच्या, पाहण्याच्या भागाला खेटून असेल, आणि रोगी इम्युनोथेरपीवर असेल, तर आमचा कल हप्त्यांकडे आहे. अशा रोग्याच्या पुढे अधिक महिने, कधी वर्षेही असू शकतात. ज्याला जगायचे आहे त्याच्या मेंदूची उद्याची काळजी आजच घ्यावी. दोन-चार फेऱ्या वाचविण्यासाठी ती टाळू नये. येथे खर्चाची अडचण असेल तर ती अडचण घरच्यांची एकट्याची न राहता आपल्या धर्मग्रामाची झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट. बैठकांची संख्या ठरवताना यंत्र कोणते रिकामे आहे किंवा कोणत्या पॅकेजचे बिल मोठे होते, हे कारण असता कामा नये. बहुतेक डॉक्टर प्रामाणिक आहेत. पण कारण विचारण्याचा अधिकार रोग्याचा आहे, आणि चांगला डॉक्टर विचारल्याने रागावत नाही.

चौथी गोष्ट सूज उतरविण्याच्या औषधाची. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मेंदूची सूज झपाट्याने उतरवते, पण ते शरीराच्या लढणाऱ्या पेशींनाही निजवते. म्हणून इम्युनोथेरपीवर असताना ते जरुरीपुरतेच आणि जरुरीइतकेच दिवस देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो. मात्र हे वाचून कोणी गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. स्टेरॉइड अचानक बंद केल्याने जीव धोक्यात येतो. आणि डोके दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊही नये.

पैशाचा आणि जमिनीचा विचार

इम्युनोथेरपीचे औषध फार महाग आहे. आपल्याकडे यासाठी एकर दोन एकर जमीन विकण्याची तयारी करून लोक येतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निवोलुमॅबची नेहमीच्या दहाव्या भागाहूनही लहान मात्रा, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिली. वर्षभरानंतर जिवंत असलेले रोगी ४३.४ टक्के होते. औषध न जोडलेल्या गटात १६.३ टक्के. हा अभ्यास मेंदूतील गाठींचा नव्हे, तेव्हा त्यावरून मेंदूविषयी अनुमान काढू नये. परंतु महाग औषध गरिबापर्यंत आणण्याचा प्रयत्न आपल्या देशात होत आहे, एवढे त्यावरून कळते. सरकारी योजना व धर्मादाय निधी यांची चौकशी दवाखान्यातील समाजसेवा विभागात आधी करावी. जमिनीचा व्यवहार नंतर.

आणि एक बोलणे आमच्याच कर्तव्यातले आहे. पुष्कळांना वाटते की, शक्य तो प्रत्येक उपचार केला नाही तर आपण आईबापांना टाकले, देवाचा अपराध केला. तसे नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले की, जीव राखण्यासाठी साधारण साधने वापरणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा इतरांवर अतिशय भार टाकणारी साधने वापरण्याची सक्ती नाही. नातवंडांच्या तोंडचा घास जाईल असा उपचार नाकारणारा म्हातारा पाप करीत नाही. त्याची वेदना शमविणे, त्याच्याजवळ बसणे, त्याला रुग्णाभ्यंग मिळेल हे पाहणे, हेही उपचारच आहेत. मात्र हा निर्णय रोग्याचा असावा. घरच्यांनी कंटाळून त्याच्या नावावर घेऊ नये.

दवाखान्यात काय विचारावे

कागद पेन बरोबर न्यावा आणि हे विचारून उत्तर लिहून घ्यावे. गाठी किती, सर्वांत मोठी किती सेंटिमीटर, कोणत्या भागात? नेमके किरण शक्य आहेत का. नसतील तर का? एक बैठक की अनेक, आणि त्याचे कारण काय? सलाईनची तारीख बदलायची की तशीच ठेवायची? स्टेरॉइड किती दिवस आणि कसे कमी करायचे? पुढचा एम.आर.आय. केव्हा? नेमक्या किरणांनंतर साधारण दर दोन-तीन महिन्यांनी तो करावा लागतो. बरे वाटते म्हणून तो चुकवू नये. पुढच्या एम.आर.आय.त गाठ वाढल्यासारखी दिसली तरी लगेच धीर सोडू नये; ती सूजही असू शकते, आणि तिच्यावर औषधे आहेत.

घरी आल्यावरची काळजी शेतकऱ्यांनी विशेष घ्यावी. झटके येण्याचा धोका असेतो ट्रॅक्टर व मोटारसायकल चालवू नये. विहिरीवर एकट्याने जाऊ नये, नारळावर चढू नये, मळणीयंत्राजवळ उभे राहू नये, रात्री एकट्याने पाणी पाजायला जाऊ नये. झटक्याच्या गोळ्या एकही दिवस चुकवू नयेत. पूर्वीच्या सर्व फिल्मा एका पिशवीत, उंदीर व ओल लागणार नाही अशा जागी ठेवाव्यात. जुन्या फिल्मेशी तुलना केल्याशिवाय नवीचा अर्थ लागत नाही.

आणि तंबाखूविषयी. आपल्या सीमाभागात ती पिकते, तिच्यावर कित्येक घरे चालतात, हे आम्ही जाणतो. पण फुप्फुसाच्या गाठीची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते. किरणांच्या बैठका मोजण्यापेक्षा विड्या मोजणे स्वस्त, आणि सोडणे त्याहून स्वस्त.

त्या मुलाचे पुढे काय झाले

आम्ही त्याला आमचे मत सांगितले नाही. हेच प्रश्न एका कागदावर लिहून दिले आणि आपल्या धर्मग्रामातील शिकलेली एक मुलगी त्याच्याबरोबर पाठविली. उत्तर असे मिळाले : एक गाठ ८ मिलिमीटरची, दुसरी २६ मिलिमीटरची आणि हात हलविण्याच्या भागाजवळ. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. लहान गाठीला एक बैठक, मोठीला तीन. पूर्ण डोक्याच्या शेकाची आज गरज नाही. सलाईन ठरल्या तारखेला चालू. मुलगा परत येऊन म्हणाला, "फादर, उरकून नाही टाकलं. मोजून दिलं."

पंधरा दिवसांपूर्वी ते किरण देऊन झाले. गुण किती आला हे पुढचा एम.आर.आय. सांगेल, आम्ही आधीच घंटा वाजविणार नाही. बाई घरी आहेत, चुलीपाशी बसून सुनेला भाकरी कशी थापावी हे सांगत आहेत, आणि नातवंडांची नावे त्यांना पाठ आहेत. शेजारच्या तिघांनी त्या आठवड्यात त्यांच्या भाताची कापणी करून दिली आणि मजुरी घेतली नाही. त्यांची नावे आम्ही छापीत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

काकांच्या घरी आम्ही नंतर गेलो आणि त्यांच्या पत्नीपाशी आमच्या सल्ल्याची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं." ते खरे असेल. पण चांगल्या हेतूबरोबर माहितीही लागते. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी कागदांची पिशवी घेऊन अवश्य यावे. यापुढे आम्ही सल्ला देण्याची घाई करणार नाही. आधी प्रश्न लिहून काढू आणि मग कुणालातरी बरोबर पाठवू.